दुपट्यांचे टाके आणि माझे केस

साडूभाऊंना,

तीर्थरूप लिहावं तर 'मला एवढ्यात तीर्थ करू नका' म्हणून तुम्ही रागावता, आणि प्रिय लिहावं तर 'वयाने मोठ्या माणसाला प्रिय काय लिहिता' म्हणून ही रागावते. तेव्हा दोन्ही गाळून नुसताच नमस्कार करतो, तो वाकून केलेला आहे असं समजावं (कंबर आता पूर्वीसारखी वाकत नाही, पण पत्रात वाकायला काय जातंय). गुडघा कसा आहे? डोळ्यांतले थेंब वेळेवर घालता ना? स्वयंपाकाच्या बाई परत आल्या की अजून माहेरीच? आम्ही इकडे खुशाल आहोत. हा 'खुशाल' मी सवयीने लिहिलेला नाही. लेखणी उचलून, जरा थांबून, विचार करून लिहिला आहे, आणि तो तुम्हाला पटावा म्हणूनच हे पत्र लांबणार आहे. चष्मा लावून, पाय वर घेऊन बसा.

गेले काही आठवडे तुमचे फोन फार वाढले होते. फोनवर बोलायचं म्हणजे तुम्हाला दाढ काढून घेतल्यासारखं वाटतं हे आम्ही इतकी वर्षं बघतोय. असा माणूस एकदम दर दोन-चार दिवसांनी फोन करून 'सगळं ठीक ना?', 'तिला झोप लागते ना?' असं विचारायला लागला. एकदा तर तुम्ही 'भाजीत मीठ बरोबर असतं ना?' असंही विचारलंत. मी फोन ठेवून हिला म्हटलं, भावजींना एकटेपणामुळे खाण्याचे विचार सुचायला लागलेत. ती भांडी घासत राहिली. आता मला कळलंय की तिने तुम्हाला आधीच एकदा फोन केला होता, आणि मला न सांगण्याचं वचन घेतलं होतं. तुम्ही ते पाळलंत. (राग नाही. जरासा होता, तो पत्राच्या मध्यावर कुठेतरी संपेल असा अंदाज आहे.)

आता मूळ गोष्ट. हिच्या थोरल्या ताई गेल्यापासून ही दुपटी शिवते हे तुम्हाला ठाऊक आहेच. काम म्हटलं तर सोपं. जुने सुती शर्ट, विरलेल्या चादरी, कोपऱ्यावरच्या शिंप्याकडच्या कापलेल्या चिंध्या, हे सगळं आधी उकळत्या पाण्यातून काढायचं, वाळवायचं, इस्त्री करायची. मग वीतभर चौकोन कापायचे, एकाला एक जोडून पट्ट्या करायच्या, पट्टीला पट्टी जोडायची, मागे मऊ चादरीचं अस्तर घालायचं आणि दोन्ही एकत्र धरून ठेवायला वरून धावदोरा घालायचा. बटण नाही, लेस नाही, बाळाच्या तोंडात जाईल असं काहीही नाही. ही दुपटी इस्पितळातल्या काचेच्या खोलीतल्या बाळांसाठी जातात. वेळेआधी आलेली, मुठीएवढ्या डोक्याची बाळं. घरी जाताना दुपटं त्यांच्याबरोबर जातं. या सगळ्या सत्कार्यात माझं पद हमालाचं. पिशवी भरून न्यायची, मोठ्या सिस्टरांच्या हवाली करायची आणि 'काकू किती करतात हो' हे वाक्य घरी आणून पोचवायचं.

मोठ्या सिस्टर म्हणजे हुद्द्याने मोठ्या, उंचीने माझ्या खांद्याला येतात. एके दिवशी त्यांनी मला औषधांच्या कपाटामागे बोलावलं. दुपटं उघडलं आणि एका टाक्याखाली करंगळी घालून तो वर उचलला. छान कमानीसारखा वर आला.

"काका, टाके लांब पडायला लागलेत. यात बाळाचं बोट अडकतं. काकूंना सांगा, पण हळूच सांगा हं."

साडूभाऊ, घात केला तो त्या 'हळूच'ने. नुसतं 'सांगा' म्हणाल्या असत्या तर दारात चपला काढतानाच मी सांगून मोकळा झालो असतो. पण हळूच कसं सांगतात याचा विचार मी बसमध्ये केला, जिना चढताना केला, जेवताना केला, आणि विचार इतका लांबला की सांगणंच राहून गेलं. हिचा हात हल्ली थरथरतो हे मी पाहत होतो. बशीवर कप वाजायचा, आणि वाजला की ती उगाच मोठ्याने काहीतरी बोलायची. त्या हाताने ती दुपटी शिवत होती आणि ताईंनंतर तेवढ्या एका गोष्टीने ती उभी राहिली होती. त्या कामाला नाव ठेवायचं माझ्या जिवावर आलं. मी ठरवलं, न बोलता आपणच दुरुस्त करावं. लांब टाका दिसला की उसवायचा, त्या जागी आखूड घालायचा. कोणाला कळणार आहे?

इथे तुम्ही हसाल. मी आयुष्यभर बस डेपोत टाइमकीपर होतो. दुसऱ्याला किती उशीर झाला हे सांगण्यापलीकडे माझ्या हाताला कोणतंही कौशल्य नाही. बटण तुटलं तर मी तो शर्ट स्वेटरखाली घालण्यासाठी राखून ठेवतो. पण निश्चय दांडगा होता. पहिले काही दिवस मी बाथरूममध्ये बसून शिवलं. बादली उलटी घालून तिच्यावर बसायचो आणि नळ बारीक सोडून ठेवायचो. व्हायचं तेच झालं. मी रोज इतका वेळ आत काढतो म्हणून हिला माझ्या पोटाची काळजी लागली आणि माझ्यामागे एक औषध लागलं. ते औषध इतकं गुणकारी निघालं, की मला खरोखरच बाथरूमची गरज पडू लागली आणि शिवणाला वेळ उरेना.

म्हणून मी मुक्काम समोरच्या न्हाव्याच्या दुकानात हलवला. तिथे मागच्या पडद्याआड एक बाक आहे, उजेड चांगला, आणि न्हावी बोलघेवडा असला तरी दुसऱ्यांविषयी बोलतो, आपल्याविषयी नाही (हा माझा समज. आता पूर्ण गल्लीला ठाऊक आहे). गिऱ्हाइकांना वाटायचं मी दुकानातले टॉवेल शिवायला ठेवलेला म्हातारा आहे. एका गृहस्थाने तर फाटका खिसा माझ्यासमोर धरला आणि 'दाढी होईपर्यंत होईल ना?' म्हणून विचारलं. मी तो शिवला. तोंडासकट शिवला. त्यानंतर ते गृहस्थ काही दिवस मला शोधत होते असं कळलं.

अडचण अशी होती, की रोज न्हाव्याकडे जाणाऱ्या माणसाचे केस कापलेले दिसायला हवेत. तेव्हा मधूनमधून पुराव्यादाखल थोडे कापून घ्यायचो. बाजूचे गेले, मग मागचे गेले, मग वरचे जे काही सन्माननीय सभासद उरले होते तेही गेले. ही एकदा म्हणाली, "परवाच ना हो केस कापलेत?" मी म्हटलं, "छे, बरेच दिवस झाले की." ती माझ्याकडे बघत राहिली. पुन्हा तसंच झालं, पुन्हा मी तेच म्हटलं. आपण किती सफाईने वेळ मारून नेली म्हणून मी खूश. तिच्या चेहऱ्यावर काय उतरलं ते मी पाहिलं, पण पाहून न पाहिल्यासारखं केलं.

तिकडे दुपट्यांचं वेगळंच चाललं होतं. मी गठ्ठ्यातून एकेक उचलायचो, दुरुस्त करून परत ठेवायचो. ही गठ्ठा बांधण्याआधी इस्त्री फिरवायला बसली की तिच्या हाताला माझे टाके लागायचे. टाके कसले, घट्ट आवळलेल्या गाठी. कापड चुण्या पडून वर आलेलं. तिला वाटायचं, हे आपणच शिवलं. घरात दुसरं कोण शिवतं? ती गुपचूप उसवून पुन्हा घालायची. मग मी ते दुपटं पुन्हा उघडायचो तो काय, परवाच दुरुस्त केलेल्या जागी पुन्हा लांब टाके! मला वाटलं आपली नजर गेली. जाऊन नवा चष्मा करून घेतला. नव्या चष्म्यातून ते टाके आणखीनच लांब दिसले. असं किती दिवस चाललं देवाला ठाऊक. एका पिवळ्या दुपट्याने इतकं उसवणं आणि शिवणं सोसलं की त्याची चाळण झाली, पीठ चाळता आलं असतं. इस्पितळात मात्र एकही दुपटं पोचेना. मोठ्या सिस्टरांचे निरोप यायचे आणि मी 'आज उद्या' करायचो.

आणि घर हळूहळू गप्प होत गेलं. ही स्वयंपाक करताना पुटपुटायची. कान देऊन ऐकलं तर आपल्या जिन्यातल्या बिऱ्हाडांची नावं तळमजल्यापासून वरपर्यंत म्हणत होती. मला वाटलं, कुणाशी तरी भांडण झालंय. मग एक दिवस तिने शिवणाचा डबा बंद केला, चिंध्यांची पोतडी माळ्यावर टाकायला सांगितली आणि म्हणाली, "उद्या माझ्याबरोबर डॉक्टरीणबाईंकडे चला. रक्तदाब बघायचाय." बरोबर तिने पिशवी घेतली. रक्तदाबाला पिशवी कशाला, हे मी विचारलं नाही.

डॉक्टरीणबाई आमच्या धाकट्या मुलीच्या वयाच्या, पण बोलणं सावकाश. त्यांनी काय होतंय विचारलं. ही खुर्चीत ताठ बसली आणि साडूभाऊ, पाठ केल्यासारखं एका दमात सांगितलं, "माझी मोठी बहीण विसरायला लागली आणि त्यातच गेली. आता माझी सुरुवात झालीय. ह्यांनी केस कधी कापले ते मला आठवत नाही. मी शिवते आणि शिवलेलं मला आठवत नाही. हे बघा." आणि पिशवीतून तिने ते पिवळं दुपटं काढून टेबलावर पसरलं. "हे टाके बघा. हा माझा हात नाही. माझा हात असा कधीच नव्हता. पण शिवलेत मीच."

डॉक्टरीणबाईंनी दुपटं जवळ ओढलं. "घरात आणखी कुणी शिवतं का?"

"कोण शिवणार? ह्यांना बटण लावता येत नाही."

मी शेजारी बसलो होतो. समोर टेबलावर माझे टाके, दिव्याच्या उजेडात, एखाद्या खटल्यातल्या पुराव्यासारखे. डॉक्टरीणबाईंनी हिला पुष्कळ प्रश्न विचारले. वार, महिना, उलटी वजाबाकी, घड्याळाचं चित्र. तिने सगळ्यांची उत्तरं दिली, आणि प्रत्येक उत्तराआधी तिचा अंगठा बोटांवरून फिरत होता. (माझ्या मनात मीही सोडवत होतो. माझा महिना चुकला.) मला तेव्हाच बोलायला हवं होतं. पण मी टेबलावरच्या गाठी मोजत बसलो. ताईंचं शेवटचं वर्ष डोळ्यांसमोर आलं, तुम्ही त्यांना घास भरवत होतात ते आलं, आणि ही गेले दोन महिने हेच डोळ्यांसमोर ठेवून माझ्यासाठी भाकरी भाजत होती हे लक्षात आलं.

मी म्हटलं, "ते टाके माझे आहेत."

हिने आधी माझ्याकडे बघितलं, मग दुपट्याकडे, मग माझ्या टकलाकडे.

"हे? हे तुम्ही शिवलंत?"

"हो. न्हाव्याकडे बसून."

ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली, "म्हणजे मला काही झालेलं नाही?" आणि रडायलाच लागली. रडता रडता तिने ते दुपटं ओढलं आणि त्यालाच डोळे पुसले. डॉक्टरीणबाई खिडकीकडे वळल्या. त्यांचे खांदे हलत होते, त्या हसत होत्या की काय ते मी विचारलं नाही. नंतर त्यांनी हिचा हात तपासला. म्हणाल्या, अशी थरथर उतारवयात पुष्कळांना येते, अर्धी गोळी घेऊन बघू, पण शिवण सोडू नका.

परतीच्या बसमध्ये ही खिडकीशी बसली आणि शेजारी पिशवी ठेवली, म्हणजे मी उभा. उतरल्यावर एवढंच म्हणाली, "दोरा दाताने तोडत होतात ना? टोकं ओली लागायची. मला वाटायचं, मी हेही करायला लागले."

पुढचे काही दिवस कसे गेले ते लिहीत नाही. भांडण झालं असतं तर बरं, पण तिने भांडण केलं नाही. एका संध्याकाळी आपण होऊन बोलली. म्हणाली, "एका वाक्याचं काम होतं. टाके आखूड घाल, एवढंच. मी घातले असते. माझा हात थरथरतो, मी नाही थरथरत." मग जरा वेळाने, "रोज सकाळी जाग आली की डोळे न उघडता आधी तुमचं नाव आठवून बघायची. आलं की मग उठायची." साडूभाऊ, मी जन्मभर लोकांना वेळेचा हिशेब विचारत आलो. पण शेजारी झोपलेल्या माणसाच्या त्या एका क्षणाची मला खबर नव्हती.

त्याच संध्याकाळी तिने तुमच्या फोनचं सांगितलं. 'ताईची सुरुवात कशी झाली' असं तिने विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात म्हणे, की सुरुवात मला कळलीच नाही, कारण ती गॅस चालू ठेवायची आणि मी मागोमाग जाऊन बंद करायचो, ती दोनदा मीठ घालायची आणि मी मुकाट्याने खायचो, तिला कळू नये म्हणून. हे ऐकल्यावर माझा तुमच्यावरचा उरलासुरला राग संपला (अंदाज जरा चुकला, मध्याच्या बराच पुढे आलो). तुम्ही गॅस बंद करत राहिलात, मी टाके उसवत राहिलो. आपण दोघांनीही मायेनेच केलं यात मला शंका नाही. पण अशी माया समोरच्याला अंधारात बसवते आणि आपण बाहेर उजेडात चांगले म्हणून मिरवतो. हे मी तुम्हाला शिकवत नाही. तुम्हाला ते माझ्या आधी कळलंय, म्हणून तर मिठाचं विचारत होतात.

आता पोतडी माळ्यावरून खाली आली आहे. ही कापते आणि जोडते, धावदोरा मी घालतो. तिने मला शिकवलं, म्हणजे समोर बसवून उसवायला लावलं, इतक्यांदा की आता मला उसवण्यातच जास्त गती आहे. गाठ अस्तराच्या आत दडवायची, दोरा ओढायचा नाही, कापडाला नुसतं सांगायचं, असं ती म्हणते. कापड माझं अजून फारसं ऐकत नाही. पण परवा आम्ही दोघं मिळून पहिला गठ्ठा घेऊन गेलो. मोठ्या सिस्टरांनी एकेका ओळीवरून करंगळी फिरवली. कुठेही अडकली नाही. त्यांच्याकडे त्याच वेळी एक बाळ आलं होतं आणि कोरडं काही उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी वरचंच दुपटं उचलून त्याच्याखाली घातलं. आम्ही काचेबाहेरून बघत होतो. बाळाने डोळे किलकिले केले, एक पाय ताणला आणि आमच्या एवढ्या कष्टाच्या दुपट्यावर निवांतपणे धार सोडली. मला जरा वाईट वाटलं. ही मात्र इतकी हसली, की कपाट लावणाऱ्या नर्सने मागे वळून बघितलं. किती दिवसांनी तो आवाज ऐकला.

असो. तिथे मोठे तुम्हीच आणि लहानही तुम्हीच, तेव्हा नमस्कार आणि आशीर्वाद दोन्ही आपल्या आपण वाटून घ्यावेत.

तुमचा,
(तूर्त टोपी घालून हिंडणारा) साडू

ता. क. शिवणयंत्राचा पट्टा फार कुरकुरतो. तुमच्यासारखा यंत्राला हात लावणारा इकडे कोणी नाही. आठ-पंधरा दिवस येऊन जाल का?

ता. क. दुसरा. हिने वरचं वाचलं. यंत्र उत्तम चाललंय, पट्टा नवा आहे. ती म्हणते, पुन्हा काहीतरी झाकून सांगायला सुरुवात केलीत का? तर सरळ लिहितो. तुम्ही तिथे एकटे आहात हे आम्हाला बरं वाटत नाही. या. खोली रिकामी आहे, अस्तर ताणून धरायला दोन हात कमी पडतात, आणि न्हावी ओळखीचा आहे.

ता. क. तिसरा. भावजी, हे मी लिहिते आहे, अक्षर हललंय ते समजून घ्या. मी सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली असं ह्यांनी लिहिलंय, ते खरं नाही. डॉक्टरीणबाईंनी तीन वस्तू लक्षात ठेवायला सांगितल्या होत्या. तिसरी मला आठवली नव्हती. त्यांच्या टेबलावर किल्ली पडली होती, ती बघून मी 'किल्ली' म्हटलं, आणि ते बरोबर निघालं. ह्यांना हे आत्ता, माझ्या खांद्यावरून वाचताना कळतंय. कदाचित काही नसेलही. पुढच्या महिन्यात जाऊन डॉक्टरीणबाईंना खरं सांगणार आहे. पण तुम्ही ताईचं सगळं जवळून पाहिलंय, म्हणून या. माझं काही चुकलं तर तोंडावर सांगणारं माणूस घरात हवंय. हे प्रयत्न करतात हो, पण आधी घसा खाकरतात, मग खिडकीबाहेर बघतात, मग चष्मा पुसतात, आणि तोवर माझा टाका घालून झालेला असतो.